दाराच्या लॉकसाठी लाभलेल्या मदतीबद्दल आभार

माझ्या जुन्या पिकअपच्या डाव्या दाराचे लॉक किल्लीने चालत होते, परंतु उजव्या दाराबरोबर आपोआप लागत नव्हते, आणि द्राक्षांच्या हंगामात केबिनमध्ये रोकड ठेवावी लागत असल्याने ती मोठीच काळजी होती. नाशिकला ज्या गृहस्थांनी ओळख नसतानाही दारातील लॉक लावणाऱ्या-उघडणाऱ्या छोट्या मोटरच्या दोन्ही वायरींना टेस्ट लॅम्प (वीज येते का ते दाखवणारा दिवा) जोडून पाहिला, त्यांचे मनःपूर्वक आभार. लॉक लावताना आणि उघडताना प्रवाहाची दिशा उलटते. दोन्ही वेळा दिवा क्षणभर पेटला, म्हणजे वायरिंग ठीक असून दोष मोटरचाच होता.

सुट्या भागांच्या दुकानातील तरुणाने पाच वायरींची मोटर ड्रायव्हरच्या दारासाठी असल्याचे सांगून मला दोन वायरींची दिली, त्याचाही मी आभारी आहे.

सर्वाधिक ऋण त्या वयस्कर मेकॅनिककाकांचे. काच पूर्ण वर करून आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून त्यांनी आतले पॅनेल एकही क्लिप न मोडता उतरवले, जुने रिव्हेट ड्रिलने काढून तेथे नट-बोल्ट बसवले आणि पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा पडदा, जो अनेक जण फाडून टाकतात, पुन्हा काळजीपूर्वक चिकटवला. आग्रह करूनही त्यांनी मजुरी घेतली नाही.