गावांचे लेख आणि संदर्भांची अडचण

महोदय,

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर अनेक गावांचे लेख आहेत खरे. पण तालुका, जिल्हा आणि हवामानाची ठरावीक वाक्ये यांपलीकडे कित्येकांत काहीच सापडत नाही. ग्रामदैवताची यात्रा, बाजाराचा वार, जुन्या बारवेची स्थिती हे सारे गावकऱ्यांना तोंडपाठ असते. परंतु विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो आणि तेथेच घोडे अडते. ग्रंथालयांनी जिल्हा गॅझेटिअर व स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे विकिपीडियावर लिहिणाऱ्या संपादकांसाठी खुली करावीत. महाविद्यालयीन कार्यशाळांत नुसती खाती उघडून देण्यापेक्षा लेखावरचा ‘इतिहास पाहा’ हा दुवा आणि लेखाविषयी संपादक जेथे चर्चा करतात ते चर्चापान कसे वापरावे, हे शिकवावे; कारण कोणी केव्हा काय बदलले याची नोंद त्या इतिहासात राहते आणि चुकीचा बदल उलटवताही येतो.

– एक ग्रंथालय सभासद, सातारा