खुबा बदलला, आता बसायला उंच जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून येत्या महिन्यात दीड वर्ष होईल. मी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालते, भाजी स्वतः आणते आणि घरचा जिना दिवसातून तीन-चार वेळा चढते. तरीही भेटणारे बहुतेक जण "आता कशाला हिंडता, जपून राहा" असेच सांगतात. माणसाला पुन्हा चालते करण्यासाठीच जी शस्त्रक्रिया होते, ती झाल्यावर बसून राहण्याचा सल्ला मिळावा, हे मला चमत्कारिक वाटते. या सल्ल्यात माया असते हे मान्य, पण माहिती फारशी नसते, म्हणून हे पत्र.

पहिला गोंधळ गुडघ्याचा होतो. अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर 2000 आणि 2001 साली मुंबईत शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून गुडघा बदलणे घरोघरी ठाऊक झाले. खुब्याचे तसे झाले नाही. वास्तविक आजचा कृत्रिम खुबा ज्या पद्धतीतून आला, ती जॉन चार्नली या इंग्रज शल्यविशारदाने 1962 च्या सुमारास बसवली, म्हणजे तंत्र साठ वर्षांहून जुने आहे. अज्ञानात मीही मागे नव्हते. खुबा झिजल्याचे दुखणे जांघेत उमटते आणि पुष्कळदा मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते, हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन वर्षे गुडघ्याला तेल चोळत होते. गुडघ्याचा एक्स-रे चांगला निघाला, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी मला उताणे झोपवून पाय गुडघ्यात दुमडला आणि हळूच वळवून पाहिला. मी ओरडले, आणि त्यांनी लगेच खुब्याचा एक्स-रे काढायला पाठवले.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, कारण ती झाली तेव्हा मला काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. खरे काम घरी आल्यावर सुरू झाले. पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, असे मला बजावले होते. सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला असेल तर तो निखळू नये म्हणून हे पथ्य असते, आणि ते किती दिवस पाळायचे हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे असते. आमच्या सुताराने दिवाणाच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे बसवून दिले. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट उशी हवी होती. घरातल्या उशा दबून जात, म्हणून यजमानांनी आपली सोलापुरी चादर गुंडाळून दोरीने बांधली, आणि ती शेवटपर्यंत पुरली. शेंगाचटणीचा डबा खालच्या फडताळातून ओट्यावर आला, तो अजून तिथेच आहे. शहाबादी फरशीवर वॉकरचे रबरी बूट महिन्याभरात झिजून गुळगुळीत झाले, हे मात्र माझ्या उशिरा लक्षात आले. ज्यांच्या घरी वॉकर आहे त्यांनी ते दर आठवड्याला उलटे करून पाहावेत.

काठीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण शहरात दिसणाऱ्या अनेक काठ्या चुकीच्या हातात असतात. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरणे साहजिक वाटते, मीही तशीच धरली होती. पण आपण एक पाय उचलतो तेव्हा टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू ताणून कंबर सरळ धरतात, आणि हेच स्नायू दुखण्याच्या काळात सर्वांत जास्त कमजोर झालेले असतात. काठी विरुद्ध हातात असली की कंबर ज्या बाजूला कलणार तिथेच टेकू मिळतो आणि नव्या खुब्यावरचा भार कमी होतो. या स्नायूंचा व्यायाम कंटाळवाणा असतो, दुखणे थांबले की बहुतेक जण तो सोडतात, आणि मग सांधा उत्तम बसूनही माणूस वर्षानुवर्षे डुलत चालतो. दोष मात्र शस्त्रक्रियेला मिळतो.

फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्या शेजारी विडी वळणाऱ्या एक बाई येत. त्यांचे सगळे आयुष्य मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन गेलेले. "पाय बरा होईल हो बाई, पण सूप कुठं ठेवू?" असे त्यांनी विचारले, तेव्हा खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. खाली बसून दिवस काढणे आता नको, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. शेवटी हात असलेली उंच खुर्ची आणि पुढे सुपाच्या मापाचे स्टूल, अशी तोड निघाली. हजारो घरांत जमिनीवर बसून विड्या वळल्या जातात त्या आपल्या शहरात अशी जोडी कारखान्यांनी कामगार बायकांना पुरवणे काही मोठ्या खर्चाचे नाही.

माझी मुख्य तक्रार याच उंचीबद्दल आहे. ज्या बागेत मी आधी जात असे, तिथली नवी बाके इतकी बुटकी आणि विनाहाताची आहेत की त्यावर बसणे म्हणजे उठवायला माणूस शोधणे होय. बागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा बागा अनेक आहेत. खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकायचे, शस्त्रक्रियेचा पाय किंचित पुढे ठेवायचा आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून वर यायचे असते. हातच नसतील तर दाबणार काय? बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील अशी, म्हणजे साधारण 18 ते 20 इंच उंचीची आणि हात असलेली दोन-चार तरी बाके प्रत्येक बागेत असावीत. हीच गोष्ट शौचालयांची. पथ्याच्या काळात उकिडवे बसता येत नाही, आणि एखादा कमोड व भिंतीला एक दांडी नसल्यामुळे धडधाकट झालेली माणसे दोन तासांपेक्षा जास्त वेळ घराबाहेर राहत नाहीत. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात यासाठी दिव्यांगजन हक्क कायदा 2016 सालचा आहे. आम्ही दिव्यांग म्हणवून घेत नाही, पण त्या दांडीचा उपयोग आम्हालाही आहे, गरोदर बाईलाही आहे.

मनातल्या भीतीवर मात्र कोणत्याही यंत्रणेकडे उपाय नाही. पथ्य कधी संपले हे शेवटच्या तपासणीत स्पष्ट विचारून घ्यावे, नाहीतर तीन महिन्यांचे पथ्य आयुष्यभर पाळले जाते. चालणे, पोहणे, सायकल यांना डॉक्टर सहसा ना म्हणत नाहीत. धावणे आणि उड्या मारणे टाळा म्हणतात. सांधा किती टिकेल ही चिंताही सर्वांना असते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शंभरांपैकी सुमारे 58 कृत्रिम खुबे 25 वर्षे टिकल्याचे आढळले. माझ्या वयाला तेवढे पुष्कळ झाले.

आता संक्रांत जवळ येते आहे. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला मी उभी राहीन, उभे राहणे मला जमते. हळदीकुंकवाला मात्र सगळीकडे सतरंजी असते, आणि गेल्या वर्षी मी चार घरी दारातूनच वाण घेऊन परतले. यंदा प्रत्येक घरी सतरंजीच्या कडेला एक उंच खुर्ची मांडून ठेवावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून करते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर