चालकाचा आयडी बंद करून माझी तक्रार मिटत नाही

दि. 12 एप्रिल 2025
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय: तुमच्या ॲपवरून बुक केलेल्या गाडीनं 29 मार्चच्या रात्री केलेला मुंबई विमानतळ ते कुडाळ प्रवास. परस्पर बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत.

महोदय,

9 तारखेला तुमचा मेसेज आला. तक्रार सोडवली, संबंधित चालकाचा आयडी बंद केला, आणि पुढच्या प्रवासासाठी मला 300 रुपयांचं कूपन. मी तो बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे आपण त्याच्याच पोटावर पाय दिला की!" म्हणून हे दुसरं पत्र. पहिली तक्रार तुमच्या ॲपमधल्या पाचशे अक्षरांच्या चौकटीत कोंबावी लागली होती. त्यात 'चालक झोपेत होता' एवढं मावलं, 'का' ते राहून गेलं.

चौदा वर्षं मस्कतला नोकरी करून आम्ही कायमचे परत येत होतो. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि नऊ नग सामान. गोव्यातल्या मोपा विमानतळावर का उतरला नाहीत, हे गावात सगळ्यांनी विचारून झालंय, त्यामुळे तुमच्यासाठीही सांगून टाकतो. करारात 'होम स्टेशन' मुंबई होतं आणि कंपनीनं शेवटचं तिकीट तिथलंच काढून दिलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. सकाळी आठ-नऊपर्यंत घरी पोचून आबांबरोबर गुढी उभारायची, या हिशोबानं रात्रीची गाडी घेतली. सामानामुळे रेल्वेचा विचार केला नाही. तीन आठवडे आधी इनोव्हा बुक केली, वर कॅरियर हवा असं लिहिलं, आणि तुमच्या माणसानं फोन करून "नऊ बॅगा ना सर, कॅरियर असेल" असं स्वतः सांगितलं. ते संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असणार. फोन उचलताना तसं ऐकवता तुम्ही.

रात्री दहाची गाडी अकरा वीसला आली. आली ती अर्टिगा, कॅरियर नाही. डिकी उघडली तर निम्मी जागा सीएनजीच्या टाकीनं खाल्लेली. मागची सीट पाडली, दोन बॅगा मुलांच्या पायाखाली घातल्या, एक बायकोनं मांडीवर घेतली, तरी तीन खोके बाहेरच राहिले. मेव्हणा भेटायला आला होता म्हणून निभावलं. त्यानं ते टॅक्सीत घालून कुर्ल्याला नेले आणि नंतर ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल केले. टॅक्सी आणि पार्सल मिळून 1,450 रुपये. मेव्हणा नसता तर चौदा वर्षांच्या संसाराचा तिसरा हिस्सा टर्मिनल दोनच्या पार्किंगमध्ये ठेवून जायचा होता का?

आणि जागा खाणारी ती टाकीही रिकामीच आली होती. पेणच्या अलीकडे पंपावर रांग. पाडवा, शनिवार-रविवार आणि पाठोपाठ ईद, त्यामुळे अर्धी मुंबई त्या रात्री रस्त्यावर होती. सीएनजी भरताना गाडीत कोणी बसायचं नाही हा नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री पावणेदोनला गाढ झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून, डास मारत, ट्रकच्या दिव्यांसमोर उभं राहायची वेळ डिझेलची इनोव्हा पाठवली असती तर आली नसती. तिनं एकदा डोळे उघडून विचारलं, "आजीचं घर आलं?" हाच प्रकार महाडजवळ पुन्हा. तेव्हा ती रडली.

हे सगळं मी कदाचित सोडूनही दिलं असतं. आता मुख्य गोष्ट.

माणगावची कोंडी संपून रस्ता मोकळा झाला आणि गाडी डावीकडे ओढ खायला लागली. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर चाक चढलं की घर्रर्र आवाज होतो, तो दोनदा झाला. तिसऱ्यांदा मी वळून चालकाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती. मी मोठ्यानं हाक मारली. तो दचकला, "काही नाही साहेब" म्हणाला, खिशातून बामची डबी काढली आणि डोळ्यांखाली बोट फिरवलं. गाडीभर वास पसरला, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाणावलेल्या डोळ्यांनी तो ऐंशीच्या वेगानं माझं कुटुंब घेऊन चालला होता. मी त्याच्याशी बोलत राहिलो. गाव कोणतं, मुलं किती, शेती आहे का. महाडपर्यंत मी आयुष्यात बोललो नसेन एवढं बोललो. स्टीअरिंग मी घेऊ शकत नव्हतो. माझं इथलं लायसन्स 2019 सालीच संपलं, आणि ओमानमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, चौदा वर्षांचा हात तिकडचा.

पोलादपूरला चहासाठी थांबवलं तेव्हा त्यानं खरं सांगितलं. पहाटे पाचला नाशिकहून निघालेला. नाशिक-पुणे एक भाडं, पुणे ते मुंबई विमानतळ दुसरं, आणि विमानतळावर प्रवासी उतरवताच तुमच्या ॲपनं आमचं भाडं त्याच्या फोनवर टाकलं. म्हणजे आमच्या गाडीत बसताना त्याचे अठरा तास झाले होते. मी म्हटलं, नाही म्हणायचं होतं. तो म्हणाला, "नाही म्हटलं की चार दिवस भाडंच येत नाही, साहेब. हप्ता कोण भरणार?"

मी त्याला सीट मागे करून झोपायला लावलं. आम्ही चौघं हॉटेलबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. त्या वेळात मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला, दुसरा चालक मिळेल का विचारायला. उत्तर मिळालं की प्रवास मध्ये थांबवल्यास प्रतीक्षा शुल्क लागेल. आणि लागलंही. बिलात 'वेटिंग, 96 मिनिटे, 384 रुपये' अशी ओळ आहे. तुमचा चालक झोपावा म्हणून ग्राहकानं मिनिटाला चार रुपये मोजले, असं माझ्या तरी ऐकिवात नाही.

उठल्यावर तो वेगळाच माणूस होता. कशेडीचा बोगदा, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कुठेही एक धक्का नाही. कणकवली येईपर्यंत आबांचे तीन फोन झाले होते, "खंय पोचलंस रे?" वाडीतल्या सगळ्या घरांवर गुढ्या लागल्या होत्या, आमचीच तेवढी काठी भिंतीला टेकून उभी. दुपारी बारा चाळीसला पोचलो. आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि चालकालाही आत बोलावून जेवायला वाढलं. तुमच्या ॲपनं त्याच वेळी मला विचारलं की प्रवास कसा झाला, पाचपैकी किती तारे. मी कंपनीला एक दिला. तो त्याच्या खात्यात पडला हे मला तुमच्या मेसेजवरून कळलं.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. मधला माणूस शब्द बदलत नाही, जसं आहे तसं देवापुढे मांडतो. तुम्ही माझ्या गाऱ्हाण्यातला आरोपीच बदललात.

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा आहे. त्यात दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, अशी मर्यादा आहे. तुम्ही चालकांना 'पार्टनर' म्हणता, त्यामुळे हा कायदा आपल्याला लागू नाही असं तुमचं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण त्याचे अठरा तास तुमच्याच सर्व्हरवर नोंदलेले होते आणि तरीही भाडं दिलं गेलं. ते कोणी दिलं, त्याला अडवणारी काही व्यवस्था आहे की नाही, हे मला लेखी हवं आहे.

चालकाचा आयडी आधी सुरू करा. हे झाल्याशिवाय बाकीच्या पैशांवर बोलायची माझी तयारी नाही.

पैसे असे: इनोव्हाचे 14,800 घेतले, त्याच तारखेला अर्टिगाचं भाडं तुमच्या ॲपवर 11,200 होतं, फरक 3,600. वेटिंगचे 384. खोक्यांचे 1,450. आणि अटल सेतूच्या टोलचे 250, कारण आम्ही अटल सेतूवरून गेलोच नाही, वाशीच्या पुलावरून गेलो. फास्टॅगची नोंद काढून पाहा. एकूण 5,684 रुपये. रात्रीचा चालक भत्ता म्हणून घेतलेले 500 मी परत मागत नाही, ते त्याला पोचले का एवढं कळवा. कूपन नको.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सिंधुदुर्गनगरीच्या (म्हणजे ओरोसच्या) जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. ओरोस इथून जवळ आहे, आणि मी आता इथेच असतो.

आपला,
29 मार्चच्या बुकिंगचा ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, बुकिंगचा ईमेल, पार्सलची पावती, पोलादपूरला पहाटे काढलेला फोटो. फोटोत चालकाचा चेहरा झाकला आहे. तो तुमच्या कारवाईसाठी नाही, आम्ही चौघं कुठे बसलो होतो ते दिसावं म्हणून.