भिंतीआधी माणसांचं माप घेणाऱ्या वायरमन मामांना

वायरमन मामा,
सप्रेम नमस्कार.

परवा साऊंडबार आणला. त्याची एचडीएमआय केबल, म्हणजे टीव्हीचा आवाज नेणारी वायर, टीव्हीपासून खालच्या कपाटापर्यंत न्यायची होती. तेव्हा घराचं वायरिंग करताना तुम्ही भिंतीतल्या पाइपात सोडून ठेवलेली नायलॉनची दोरी आठवली. ह्यांनी वर दोरीला केबल बांधली, मी खालून ओढली. गॅसवरचा चहा उकळायच्या आत काम झालं आणि भिंतीला ओरखडासुद्धा आला नाही. तुम्ही बजावलं होतं तशी केबलबरोबर दुसरी दोरीही ओढून घेतली, पुढच्या वेळेसाठी. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं ताई” म्हणून ठेवून देता, म्हणून हे लिहून काढतेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्या कोल्हापूरच्या फुलेवाडीत अजून कितीतरी घरांचं प्लास्टर व्हायचंय.

आधीच्या भाड्याच्या घरात टीव्ही दाराच्या चौकटीच्या उंचीला लागला होता. बसवायला आलेल्या मुलाने उभ्याउभ्या स्वतःच्या नजरेसमोर धरून भोकं पाडली. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी पेठेच्या टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळलेले. फुटबॉलची मॅच असली की शेवटची शिट्टी होईपर्यंत ते हलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मानेला गरम पिशवी ठरलेली. आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणत राहिलो. वर बघून मान दुखते, हे आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नव्या घराच्या ड्रॉइंगमध्येही टीव्हीचा पॉइंट साडेपाच फुटांवर दाखवलेला. मी भिंतीकडे बोट केलं, तर तुम्ही म्हणालात, “ताई, भिंत हितंच हाय, कुटं जात न्हाई. आदी माणसं बसवा.”

सोफा अजून यायचा होता. तुम्ही गवंड्यांच्या विटा रचून वर फळी टाकलीत, जमिनीपासून १७ इंच. आबांची आरामखुर्ची जुन्या घरातून आणायला लावलीत. मग एकेकाच्या डोळ्यांपर्यंत टेप धरलात. फळीवर माझे डोळे ४२ इंचांवर, टेकून बसलेल्या आबांचे ३७, जमिनीवर मांडी घातलेल्या धाकट्याचे २४. त्यातून तुम्ही पडद्याचा मध्य ४० इंचांवर धरला. आमचा टीव्ही ५५ इंची. पण ते माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, प्रत्यक्षात पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच, हे तुम्हीच समजावलंत. तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवून आम्हाला पाच मिनिटं गप्प बघत बसवलंत. कागद फारच खाली दिसतोय असं मला वाटत होतं. आबा मात्र म्हणाले, “हेच बरोबर.”

भिंतीत भोकं मात्र टीव्ही हातात आल्याशिवाय पाडायची नाहीत, यावर तुम्ही ठाम होतात. टीव्हीच्या पाठीमागच्या चार भोकांचा मध्य आणि पडद्याचा मध्य बऱ्याच टीव्हींत एक नसतो. आमच्या टीव्हीची भोकं मध्यापेक्षा चांगली खाली निघाली. टीव्ही टांगायचा ब्रॅकेट भिंतीत आधीच ठोकला असता तर टीव्ही तेवढाच वर चढला असता.

वायरिंगमधलं मला तेव्हा अर्धंच कळलं होतं, राहत गेल्यावर उरलेलं कळलं. लाईटचा पाइप वेगळा, केबलींचा दोन इंची पाइप त्यापासून लांब. एवढा जाड कशाला, असं ह्यांनी विचारलं, तर तुम्ही एचडीएमआयचं डोकं पाऊण इंची पाइपात घालून दाखवलंत. अडकलं. वळणावर कोपऱ्याचा एल्बो न वापरता लांब बेंड घेतलात. पाइपासाठी भिंतीतली झिरी सरळ उभी मारलीत, तिरकी कुठेच नाही, म्हणजे उद्या खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठून गेली असेल याचा अंदाज यावा. प्लास्टर चढायच्या आधी झिरीशेजारी टेप धरून फोटो काढायला लावलात. आबांच्या जुन्या टीमचा फोटो भिंतीवर लावायचा होता, तेव्हा मोबाइलमधला तोच फोटो उघडला. जिथे ड्रिल लावणार होतो तिथून बरोबर पाइप गेलेला होता.

सॉकेट तुम्ही टीव्हीच्या मागे मधोमध दिला नाहीत. पिन ब्रॅकेटवर आदळते आणि टीव्ही भिंतीला बसत नाही, म्हणून उजव्या कडेपासून एक वीत आत घेतलात, हात घालून पिन उपसता येईल असा. ते दिवस मे महिन्यातले, वळवाच्या विजा चालू होत्या. “बटण बंद करून भागत न्हाई ताई, पिन काढायची, डिशची केबल बी काढायची,” हे तुमचं वाक्य आता आमची पोरं आभाळ गडगडलं की आम्हालाच ऐकवतात. जाताना मीटर लावून अर्थिंगही तपासलंत. ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही राहायला आलो. १८ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकाची फायनल होती, अर्जेंटिना आणि फ्रान्स. रात्री साडेआठला सुरू झालेली मॅच ३-३ वर अडकली, पेनल्टीपर्यंत गेली, ४-२ ने अर्जेंटिना जिंकली तेव्हा साडेअकरा व्हायला आले होते. बाहेर फटाके सुरू झाले. आबा आरामखुर्चीतून उठले, पोरांना जवळ घेतलं आणि मेस्सीबद्दल बोलत राहिले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात मानेकडे गेला नाही. सकाळी गरम पिशवी कपाटातच राहिली.

आबांनी निरोप दिलाय, की येत्या रविवारी जेवायलाच या, मॅचही आहे. या वेळी हत्यारांची पिशवी घरी ठेवून या मामा.

तुमची,
फुलेवाडीची ताई