राजीनाम्यांची नोंद कोण ठेवणार?

छत्रपती संभाजीनगर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की आमच्या आयटी क्षेत्रातल्या एवढ्या मोठ्या कंपन्या हजारो माणसे काढतात, तर सरकार त्यांना काही विचारत नाही का? आणि मागून आईचा आवाज आला की त्या एआयमुळे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे, आता तुझीही नोकरी जाणार का? दोन्ही प्रश्न असे होते की त्यांची उत्तरे घाईत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते. माझी नोकरी आज आहे आणि ती जाण्याची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही. पण ती जाणारच नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते कोणीच सांगू शकत नाही. कोड लिहिण्याचे, तो तपासण्याचे आणि त्याची कागदपत्रे तयार करण्याचे जे काम पूर्वी तीन-चार नवख्या मुलांना वाटून दिले जात असे, त्यातले पुष्कळसे आता एआयच्या साधनांच्या मदतीने एकच माणूस उरकतो. मी स्वतः ती साधने रोज वापरते आणि ती उपयोगी आहेत हे मान्य करते. मात्र ती चुकतात, आणि अशा आत्मविश्वासाने चुकतात की ती चूक ओळखायला अनुभवी माणूसच लागतो. तरीही आमच्या विभागातून गेल्या वर्षभरात जी माणसे गेली, ती बहुतेक अनुभवीच होती. त्यांचा पगार जास्त होता, एवढाच त्यांचा दोष मला दिसतो.

म्हणून 'एआयने नोकऱ्या खाल्ल्या' हे वाक्य वर्तमानपत्रात वाचाल तेव्हा ते तसेच्या तसे स्वीकारू नका. जुलै २०२५ मध्ये टीसीएस या टाटांच्या आयटी कंपनीने आपल्या मनुष्यबळातील सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील असे सांगितले. त्या वेळी कंपनीच्या प्रमुखांनीच स्पष्ट केले होते की एआयमुळे काम वाचले म्हणून हे होत नसून, माणसांची कौशल्ये आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही म्हणून होत आहे. कारणे अनेक आहेत. करोनाच्या काळात जगभर सगळे व्यवहार ऑनलाइन गेले आणि कंपन्यांनी भरमसाट भरती केली. २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले आणि तिकडच्या ग्राहकांनी खर्च आवरला. आता उरलेला पैसा एआयच्या डेटा सेंटरकडे, म्हणजे एआय चालवणाऱ्या संगणकांच्या मोठ्या केंद्रांकडे, वळतो आहे. मायक्रोसॉफ्टने एका आर्थिक वर्षात अशा केंद्रांवर सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे २०२५ च्या सुरुवातीला सांगितले आणि त्याच वर्षी मे ते जुलै या काळात सुमारे १५,००० नोकऱ्या कमी केल्या. पैसा कुठे लावायचा आणि कुठून काढायचा, हे संचालक मंडळाने ठरवलेले असते. जे माणसांनी ठरवले आहे, त्याचा जाब माणसांना विचारता येतो. यंत्राचे नाव पुढे केले की तो विचारायचा राहून जातो.

आता बाबा, तुमचा प्रश्न. सरकार विचारत नाही, याचे मुख्य कारण असे की सरकारच्या दप्तरी ही कपात झालेलीच नसते.

ती कशी होते ते सांगते. आमच्याकडचा परभणीचा एक ज्येष्ठ सहकारी, ज्याने मला या क्षेत्रात उभे राहायला शिकवले, त्याला एके दिवशी व्हिडिओ कॉलवर बोलावण्यात आले. समोर एचआर विभागातल्या दोन व्यक्ती होत्या. त्यांनी सांगितले की त्याच्यासाठी आता प्रोजेक्ट नाही. त्याने स्वतःहून राजीनामा दिला तर काही महिन्यांचा पगार आणि चांगले रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, मिळेल. न दिल्यास कंपनी त्याला काढून टाकेल आणि मग पुढच्या नोकरीच्या वेळी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकरीच्या चौकशीत, तो शेरा दिसेल. त्याच्या डोक्यावर घराचे कर्ज आहे, मुलगी दहावीला आहे. त्याने संध्याकाळपर्यंत राजीनामा लिहून दिला आणि त्यात कारण लिहिले 'वैयक्तिक'. इतकी वर्षे ज्याने रात्री-अपरात्री ग्राहकांचे फोन घेतले, त्याच्या जाण्याची अधिकृत नोंद एवढीच आहे. तेव्हापासून मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो राग योग्य आहे असे मला वाटते.

कायदा नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार आणि सरकारला कळवणे, हे सगळे होते. शेवटी आलेल्याला आधी कमी करावे, हेही तत्त्व होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत या तरतुदी बऱ्याच अंशी आल्या आहेत. एक चांगली भरही पडली आहे: कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीत, भरायची आणि ती त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. दुसरीकडे, कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांपासून लागू होत असे, ती मर्यादा ३०० वर नेली आहे. पण ही परवानगीची अट कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठीच आहे, आयटी कार्यालयांना ती पूर्वीही नव्हती. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, आणि आमच्याकडे तर चार माणसांवर देखरेख करणाऱ्यालाही मॅनेजर म्हणतात. यातून जो वाचेल, त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला की संपले, कारण स्वतःहून नोकरी सोडणे म्हणजे कपात नव्हे. नोटीस नाही, भरपाई नाही, निधीत पैसे नाहीत, सरकारला कळवणेही नाही.

बाबा, तुम्ही साखर कारखान्याच्या हिशेब विभागात आयुष्य काढलेत. कारखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगारासाठी तुम्हाला काय काय करावे लागले ते मी लहानपणी पाहिले आहे. पण तेव्हा निदान यादी होती. कोणाचे किती महिने थकले, भविष्य निर्वाह निधीचे किती भरायचे राहिले, हे तुम्हीच आपल्या वळणदार अक्षरात लिहून काढले होते, आणि ती यादी हातात घेऊन सगळे मिळून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसू शकत होते. आमच्याकडे ती यादीच तयार होत नाही. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, आपापल्या पडद्यासमोर एकटा सही करतो आणि लाजेने कोणाला सांगत नाही. ज्याची मोजणी नाही त्याचा प्रश्न विधानसभेत कसा येणार?

म्हणून माझे पहिले म्हणणे अगदी साधे आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसे काही महिन्यांच्या आत एका कंपनीतून बाहेर पडली, तर ती राजीनाम्याने गेली असोत की आणखी कशाने, त्याची माहिती कंपनीने कामगार आयुक्तांकडे द्यावी आणि ती सर्वांना पाहता यावी. अमेरिकेत १९८८ चा एक कायदा आहे, वॉर्न नावाचा. १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला मोठी कपात करण्याआधी ६० दिवस कर्मचाऱ्यांना आणि राज्य सरकारला लेखी कळवावे लागते, आणि अनेक राज्ये त्या नोटिसा संकेतस्थळावर टाकतात. तिथल्या वर्तमानपत्रांना कुठल्या कार्यालयातून किती माणसे जाणार हे आधी कळते, ते यामुळे. म्हणजे एखादी अमेरिकी कंपनी तिकडे सरकारला आकडा सांगते आणि तीच कंपनी पुण्यात किंवा हैदराबादेत राजीनामे गोळा करते. हे आपण का चालवून घ्यावे?

तुम्ही म्हणाल, कायदा कडक केला की कंपन्या दुसऱ्या राज्यात जातील. ही भीती खोटी नाही. आपल्या मराठवाड्यात वाळूज, शेंद्र्याला एखादा उद्योग यावा म्हणून किती वाट पाहावी लागते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच परवानगीची सक्ती करा, असे मी म्हणत नाही. धंद्यात मंदी येते, कामाचे स्वरूप बदलते, माणसे कमी करावी लागतात, हे मला कळते. नोंद, नोटीस आणि भरपाई, एवढेच मागणे आहे, आणि ते केंद्राच्या कायद्यात आले तर राज्याराज्यांतली चढाओढही उरणार नाही.

दुसरे म्हणणे खर्चाचे आहे, आणि इथे मला आपल्या महाराष्ट्राचा अभिमान वाटतो. १९७२ चा दुष्काळ तुम्ही दोघांनी पाहिला आहे. त्या सुमारास विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा कुठून आला, हे मात्र नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असते. १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, तो याच योजनेसाठी. माझ्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये त्या नावाने कापले जातात. ज्याच्या हाताला काम आहे त्याने ज्याच्या हाताला नाही त्याचा भार उचलायचा, हे तत्त्व महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहिले आणि दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला ते लागू केले. मग कपातीतून नफा वाढवणाऱ्या कंपनीने, काढलेल्या माणसाचे पुढचे सहा महिने आणि त्याचे नवे शिक्षण यांचा भार उचलावा, यात जगावेगळे काय आहे? देशात बेरोजगारी भत्त्यासारखी एक योजना मला दिसते, ती कर्मचारी राज्य विम्याची: नोकरी गेल्यास ९० दिवसांपर्यंत पगाराच्या निम्मी मदत. पण त्या विम्याची पगारमर्यादाच २१,००० रुपये आहे, त्यामुळे आमच्यासारखे त्यात येत नाहीत.

आणि हे केवळ आमच्यासारख्या पगारदारांसाठी मी मागत नाही. आई, आपल्याकडे धारूर, केज, वडवणी भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या तुला पाठ आहेत. आता फडात हार्वेस्टर आले आहेत, सरकार ते घ्यायला अनुदानही देते. कोयत्याने तोडणे हे माणसाने करत राहावे असे काम नाही, यंत्र आले हे चांगलेच झाले, असे मला मनापासून वाटते. पण मुकादमाने यंदा उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिली नाही म्हणून घरीच राहिलेल्या जोडप्याचीही कुठे नोंद होत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी गाळपावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. ही दिशा बरोबर आहे, यंत्रामुळे काम गेलेल्यांसाठी ती पुढे न्यायला हवी.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारले नव्हते, तरी लिहिते. दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत किती लाख कोटींचे गुंतवणूक करार झाले, हे प्रत्येक सरकार सांगते. झालेल्या नोकऱ्या आणि गेलेल्या नोकऱ्या यांचा ताळेबंद कोणत्याच पक्षाचे सरकार मांडत नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये एआयसाठी १०,३७२ कोटींचे अभियान मंजूर केले, राज्यानेही शेतीतल्या एआयसाठी धोरण आणले. दोन्हींना माझा विरोध नाही. पण जालन्याच्या अंतरवाली सराटीपासून गेल्या काही वर्षांत आरक्षणाचे जे आंदोलन उभे राहिले, त्याच्या मुळाशी आपल्या मुलांना खात्रीची नोकरी मिळावी हीच तळमळ आहे, आणि आरक्षणाच्या विरुद्ध बाजूच्या मुलांचीही तीच आहे. सरकारी जागा मोजक्या आहेत. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमधून इंजिनिअर होणारी बहुतेक मुले खासगी नोकरीतच जाणार आहेत. त्या नोकरीला थोडी सुरक्षितता देण्याविषयी कोणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते.

एक घरचे काम आहे. तुम्हा दोघांचा आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत आहे आणि तो माझ्या नोकरीबरोबरच संपतो. म्हणून तुमच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आताच घ्यायची आहे. बाबांची साखर आणि आईचा रक्तदाब अर्जात लपवायचा नाही, हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल. जुने रिपोर्ट आणि आधारकार्डाच्या प्रती काढून ठेवा, पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा अर्ज भरू. माझ्यापुरते सांगायचे तर काही महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवला आहे. आणि माझ्याकडे कोणी राजीनामा मागितलाच, तर मी तो त्याच दिवशी देणार नाही, मागणी लेखी द्या म्हणेन, हे मी ठरवले आहे.

आणि बाबा, आपल्या विभागातल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली होती. सहा वर्षांची मुदत आता भरत आली आहे. तिथे मतदार आपल्यासारखे पदवीधरच असतात, तेव्हा हा प्रश्न तिथेच आधी विचारला पाहिजे. प्रचाराला कोणीही आले, कुठल्याही पक्षाचे आले, तरी त्यांना विचारा की कंपन्यांनी घेतलेल्या राजीनाम्यांची नोंद सरकारकडे व्हावी, यासाठी तुम्ही विधान परिषदेत काय करणार. काय उत्तर मिळते ते मला कळवा. मीही इकडे विचारणार आहे.

कळावे.

तुमची लेक