पेनाला टोपण लावणाऱ्या ट्रेनर मुलीला

तुझं नाव लिहू नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही, पण वाचशील तेव्हा कळेलच तुला, कारण डोंबिवलीत ६१ वर्षांच्या बाईला चालता चालता एकोणतीसचा पाढा म्हणायला लावणारी दुसरी ट्रेनर असेल असं मला तरी वाटत नाही. थँक्यू म्हणायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तू "काकू, आधी पाणी प्या" म्हणून विषय बदललास. आता लिहितेच, बघू कशी थांबवतेस.

आधी त्या पहिल्या जिमचं सांगते, ते पोटात ठेवून मला पुढे लिहिताच येणार नाही. मुलाने हौसेने वर्षाची फी भरून टाकलेली, मी नवेकोरे बूट घालून गेले. एका मशीनवर अनवाणी उभं केलं, हातात दोन दांडे दिले, कर्रर्र करून चिठ्ठी बाहेर आली आणि त्यात बघावं तिथे लाल. "मॅम, तुमचं बॉडी एज ७४ आलंय!" त्या पोराने हे इतक्या उत्साहात सांगितलं की मी बोर्डात आले की काय असं वाटावं. लगेच पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज पुढे. मग एक फॉर्म. सात प्रश्न, हृदयाचं काही आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपीची गोळी चालू आहे का, सांध्यांचं काय, असे. "सगळं नोच ना मॅम?" म्हणत माझ्याकडे न बघता तो वरपासून खालपर्यंत टिक करत गेला आणि सही घेतली. मी ९ वर्षं बीपीची गोळी घेतेय! पहिल्याच दिवशी पन्नास स्क्वॉट. गुडघा असा सुजला की पंधरा दिवस बाथरूममध्ये भिंत धरून उठबस. त्यानंतर त्यांचा फोन आला, तो पॅकेजचं काय ठरलं विचारायला.

तुझ्याकडे आले ते शेजारणीने अक्षरशः ढकललं म्हणून. तूही तेच सात प्रश्न काढलेस, मला हसूच आलं, म्हटलं झालं, इथेही तेच. (ते मूळचे कॅनडातले, १९७०च्या दशकात तयार केलेले, कुणाला आधी डॉक्टरकडे पाठवायचं ते कळावं म्हणून, हे तू नंतर सांगितलंस. म्हणजे पन्नासेक वर्षं जगभर विचारतायत आणि आमच्या त्या पोराला सात सेकंदं पुरली.) मी धडाधड नाही, नाही, नाही म्हणत सुटले. छातीत दुखतं का? नाही. आणि तिथे तू लिहायचं थांबलीस. साधं निळं बॉलपेन, त्याला टोपण लावलंस, वहीवर आडवं ठेवलंस आणि माझ्याकडे बघत बसलीस. काही बोलली नाहीस. घाईही नाही, दयाही नाही, नुसती बसलीस, आपल्याला दुसरं काही कामच नाही अशी.

आणि मी बोलले गं. स्टेशनचा पूल चढताना दोन महिन्यांपासून छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं होतं, मग मी मध्येच थांबून मोबाईल बघायचं नाटक करते, म्हणजे लोकांना वाटावं बाईला मेसेज आलाय. हे नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलाला नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही नव्हतं, पण त्यांच्याकडे आपण खुर्चीत टेकेपर्यंत अर्धी चिठ्ठी लिहून झालेली असते, सांगणार कधी?

तू म्हणालीस, "काकू, आज काहीच करायचं नाही. आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की या." मी पर्स उघडली तर "कसले पैसे, गप्पाच तर मारल्या." तपासण्यांचं पुराण लावत नाही. हृदय ठीक निघालं, हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बाईमाणसाचं १२च्या खाली गेलं की कमी धरतात आणि मी ८.६वर पन्नास स्क्वॉट मारून आलेले! ते का उतरलं ते शोधलं, औषधं झाली, वेळेत झाली. तू पेन खाली ठेवलं नसतंस तर मी अजून पुलावर मोबाईल बघत उभी असते.

खरं सांगू? त्या पोरावर चिडता चिडता मला माझाच वर्ग आठवला. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. फळ्याकडे तोंड करून "समजलं का रे?" विचारायचं, मागून "होऽऽऽ" आलं की पुढचं गणित. त्या होऽऽऽमध्ये कितीजण नुसते ओठ हलवत असतील! सिलॅबस संपवायचा असतो, घंटा होत असते, सगळं खरं, पण खडू खाली ठेवून एखाद्याच्या बाकाशी जाऊन बसले असं किती वेळा झालं ते मला बोटांवर मोजता येईल. तुझं वय जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस, तुला हे कुणी शिकवलं कोण जाणे. सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकवत असतील असं वाटत नाही, तसं असतं तर त्या पोरालाही आलं असतं. चांगुलपणा अजून आहे हो लोकांत, फक्त तो जाहिरातीच्या बोर्डावर नसतो, कुठल्यातरी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी झटकत असतो.

दीड महिन्याने परत आले तेव्हाची ती खुर्ची. सरकू नये म्हणून भिंतीला टेकवलीस, हात छातीवर दुमडायला लावलेस, ३० सेकंदांत किती वेळा उभी राहते ते मोजायचं. ८. साठीच्या आसपासच्या बाईला निदान १२ तरी जमावेत हे तू महिन्याभराने सांगितलंस, त्या दिवशी फक्त तारीख घातलीस आणि ८ लिहिलंस. लाल पेनाने नाही. मुलाने दिलेल्या घड्याळाचं तर तू नाकच कापलंस. २२० वजा माझं वय ६१, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त १५९ ठोके, मग त्याच्या इतके टक्के ठोके हवेत म्हणून ते मनगटावर ओरडायचं आणि मी धापा टाकत बिचाऱ्याला खूश करायला बघायचे. तू आधी गोळीची पट्टी मागितलीस. मेटोप्रोलॉल बघून म्हणालीस, ही गोळी ठोके फारसे वाढू देत नाही काकू, हा आकडा तुमच्यासाठी नाहीये, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, बस. गाण्याचा माझा तसाही आनंद, म्हणून पाढे. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपाशी श्वास लागला की वेग कमी. बागेतले लोक वळून बघतात, बघू देत.

परवा खुर्चीवरून १३ झाले. काल तो पूल दोन किलो कांदे घेऊन चढले, वर पोचल्यावर थांबले, पण ते खरंच मेसेज आला म्हणून, तुझाच होता, १९ तारखेला परत सगळं मोजायचंय असा. येते. कंबर मोजायची टेप आण, ९४वरून कितीवर आली ते मलाही बघायचंय. आदल्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी आहे आणि मी खाणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. तुझ्या दोन डब्यात बाजूला काढल्यात असं समज.

तुझी,
पाढेवाली काकू