ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टर इन-चार्जना, ऑर्थोच्या रेसिडेंट्सकडून

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

फळ्यावरचा फ्रॅक्चरच्या ग्रेडचा रकाना तुम्ही डिब्राइडमेंट (जखम धुऊन मेलेला भाग कापून काढणं) उरकेपर्यंत रिकामा ठेवायला लावता, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे आभारी आहोत.

नडगीचं ओपन फ्रॅक्चर, म्हणजे हाड मोडून वरची कातडीही फाटलेली, असं आलं की कॅज्युअल्टीतच ‘गस्टिलो टू’ लिहून मोकळं व्हायची घाई असते. अशा जखमांच्या 1976 च्या या गस्टिलो वर्गीकरणात जखम एक सेंटिमीटरच्या आत असेल तर टाइप वन, पण नुसती मोजपट्टी लावून ग्रेड ठरत नाही. नडगीच्या आतल्या बाजूला हाडावर कातडीशिवाय काहीच नसतं. हायवेवर बाइकवरून फेकला गेलेला माणूस बोटभर जखम घेऊन येतो आणि आत हाडाचा चुरा, पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) सोललेलं. तो टाइप थ्रीच. थ्रीचे ए, बी, सी 1984 मध्ये पडले : हाड झाकायला मांस-कातडी पुरली तर ए, फ्लॅप (दुसरीकडून आणलेला मांस-कातडीचा तुकडा) लागला तर बी, धमनी जोडावी लागली तर सी. एक धमनी तुटूनही पाऊल गरम असेल आणि ती जोडायची गरज नसेल, तर तो सी नव्हे. इथे आमची गल्लत हमखास होते. आमचीच कशाला, 1994 च्या एका अभ्यासात 245 सर्जनांना त्याच त्या केसेसचे व्हिडिओ दाखवले, तर सरासरी एकमत 60 टक्के!

खरा निवाडा स्नायूंवर होतो. फोर्सेप्सने चिमटा काढायचा : रंग कसा, लिबलिबीत आहे का, आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का. टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) बांधून ठेवायचा पण फुगवायचा नाही, हे तुम्ही दरवेळी बजावता. फुगवला तर जिवंत स्नायूतूनही रक्त येणार नाही आणि तोही कापला जाईल. टाइप थ्रीची जखम धुवायला तीन लिटरच्या सलाईनच्या तीन पिशव्या तुम्ही आधीच टांगलेल्या असतात. साबण नाही, पंपाचा जोर नाही. 2015 च्या मोठ्या चाचणीत साबणाने पुन्हा ऑपरेशनं वाढली आणि दाबाने काही फरक पडला नाही.

ग्रेड थांबली तरी अँटिबायोटिक थांबत नाही. पहिला डोस तासाभरात हवा, म्हणून त्याची वेळ तुम्ही सगळ्यात वर लिहायला लावता. बी वाटला तर ड्रेसिंग बांधण्याआधीच प्लॅस्टिक सर्जरीवाल्यांना हाक मारता. फ्लॅप 72 तासांच्या आत व्हायचा तर जखम त्यांनी पहिल्याच वेळी बघितलेली बरी.

आता एक काम आमच्याकडे द्या. पाय वाचवता येईल का हे ठरवायच्या, कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलच्या गंगा स्कोअरचे कोरे फॉर्म संपत आलेत. कातडी, हाड, स्नायू-नसा यांना प्रत्येकी 1 ते 5. शॉक, मधुमेह, गटाराचं पाणी यांचे दोन-दोन. बेरीज 14 पर्यंत असेल तर पाय वाचवायला घ्यायचा, 17 किंवा त्याहून जास्त झाली तर बहुधा नाही. पावसाळ्याआधी झेरॉक्स काढून आणतो.

आपले,
ऑर्थोचे रेसिडेंट्स, मुंबई